तक्रार नोंदवली, पुढे?

वृद्धांच्या छळाचा विषय निघाला की चर्चेत लगेच दोन तट पडतात. एका बाजूचा आग्रह असतो : शिक्षा कडक करा, डॉक्टर आणि नर्सवर तक्रारीची सक्ती करा, साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला ‘घरी कुणी त्रास देतं का?’ हे विचारा. दुसरी बाजू म्हणते, हा घरातला मामला आहे, संस्कारांचा प्रश्न आहे, दवाखान्याने त्यात पडू नये. दोघंही तावातावाने बोलतात. ज्या माणसाबद्दल हे सगळं चाललेलं असतं, तो आज रात्री कुठे झोपणार आणि उद्या त्याला आंघोळ कोण घालणार, हे मात्र कुणाच्याच बोलण्यात येत नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आरोग्यव्यवस्थेचाच आहे, पण त्यासाठी आखलेली बरीचशी धोरणं चुकीच्या साच्यातून काढलेली आहेत. छळ शोधायचा आणि नोंदवायचा यातच त्यांची सगळी ताकद जाते. नोंद झाल्यावर त्या माणसाला देण्यासारखं हातात काही उरत नाही. क्रम उलटा हवा. आधी पर्यायी देखभाल, तात्पुरता बिछाना आणि पैशांचं संरक्षण उभं करायचं, आणि मग घरोघरच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायला निघायचं.

हा आरोग्याचा प्रश्न का, ते आधी बघू. 28 देशांतल्या 52 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमासारख्या संस्थेत न राहणाऱ्या, साठीपुढच्या दर सहा जणांपैकी साधारण एकाला मागच्या वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागला होता, असं त्यात दिसलं. त्यातला मानसिक छळ 11.6 टक्के, आर्थिक 6.8, आबाळ 4.2, मारहाण 2.6 आणि लैंगिक अत्याचार 0.9 टक्के. म्हणजे जाहिरातीत आणि भाषणात जिची चित्रं सर्वांत जास्त दिसतात ती मारहाण या दुःखाचा लहानसा भाग आहे. शिवीगाळ, धमक्या, अबोला, कागदांवर घेतलेल्या सह्या, वेळेवर न बदललेली चादर हा त्याचा मोठा भाग. आणि हे फक्त मनाला लागून थांबत नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे 2,812 वृद्धांचा माग वर्षानुवर्षं ठेवला गेला होता. तेराव्या वर्षाच्या शेवटी, ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांच्यापैकी 9 टक्के हयात होते, ज्यांची अशी कुठलीच नोंद नव्हती त्यांच्यापैकी 40 टक्के. वय, आजार, परावलंबन यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला. ‘दवाखान्याने यात पडू नये’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. ज्या स्थितीत माणसं अशी लवकर मरतात, ती घरगुती बाब म्हणून दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार वैद्यकाला कुणी दिला?

इथवर पहिल्या बाजूशी माझं जुळतं. मतभेद साच्याबद्दल आहे. 1962 साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाणाऱ्या मुलांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लहानग्यांच्या हाडांवरचे जुने-नवे फ्रॅक्चर हे अपघात नसून आई-बापांची मारहाण असू शकते, हे डॉक्टरांना पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे सांगितलं गेलं. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या राज्यांनी डॉक्टरांवर तक्रारीची सक्ती करणारे कायदे केले. वृद्धांचा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकांत यायला 1975 उजाडलं. तेव्हा ब्रिटनमध्ये जी. आर. बर्स्टन या डॉक्टरांचं ‘आजीला मारहाण’ अशा अर्थाच्या मथळ्याचं पत्र छापून आलं. त्यानंतर कायदे करायची वेळ आली तेव्हा अमेरिकेतल्या राज्यांनी मुलांसाठीचा तयार साचाच उचलला : संशय आला की कळवा, यंत्रणा येईल, गरज पडली तर घरातून बाहेर काढेल. आजही तिथल्या बहुतेक राज्यांत हीच पद्धत आहे. न्यूयॉर्क हा ठळक अपवाद.

पण ऐंशी वर्षांची बाई म्हणजे चार वर्षांचं मूल नव्हे. तिचं घर अनेकदा तिच्याच नावावर असतं. तिला मत आहे, कायद्याने पूर्ण नागरिकत्व आहे, आणि शिव्या देणाऱ्या मुलासोबत राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्कही आहे, मग तो निर्णय आपल्याला कितीही चुकीचा वाटो. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या घरी नेलं तर त्याच्यापुढे सगळं आयुष्य असतं. ऐंशीच्या बाईला नेलं तर तिच्या हातून घर, शेजार, देवघर, खिडकी असं सगळंच जातं, आणि ते परत मिळवायला वेळ उरलेला नसतो. तिच्या डोळ्यांतून बघा : छळ सोसायचा तिने आणि घर सोडायचं तेही तिनेच?

तक्रारीची सक्ती मागणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी मान्य करतो. वृद्ध स्वतःहून बोलत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज होता की यंत्रणेपर्यंत पोचलेल्या एका प्रकरणामागे जवळजवळ 24 प्रकरणं अंधारात राहतात. लाज असते, मुलाला अटक होईल ही भीती असते, आणि ‘तो गेला तर मला उठवून बसवणार कोण’ हा अगदी व्यवहाराचा प्रश्नही असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे घराबाहेरचं येणारं माणूस बहुधा एकच, डॉक्टर किंवा ड्रेसिंग बदलायला येणारी नर्स. तिने मान फिरवली तर संपलंच.

आणि तिला बघता येतं, हेही खरं. उतारवयात कातडी पातळ होते, रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या किंवा स्टिरॉइड चालू असतात, साध्या धक्क्यानेही काळंनिळं होतं. त्यामुळे ‘म्हातारपणी असं होतंच’ म्हणून डॉक्टर पुढे जातात. पण कॅलिफोर्नियात 2005 मध्ये वृद्धांच्या अंगावर अपघाताने उठलेल्या डागांची रोज पाहणी करून नोंद ठेवली गेली. त्यातले 90 टक्के हातापायांवर होते. मान, कान, नितंब, गुप्तांग, तळपाय इथे एकही नव्हता. रंगावरून डाग किती दिवसांचा हे ठरवता येत नाही, हेही तिथेच कळलं. ‘पिवळा आहे म्हणजे जुना’ हा आडाखा टाकून द्यावा. त्यानंतर 2009 मध्ये मार खाल्लेल्या वृद्धांचे डाग तपासले, तेव्हा ते मोठे निघाले. निम्म्याहून अधिक जणांच्या अंगावर 5 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा एक तरी डाग होता, आणि जागा होत्या चेहरा, उजव्या दंडाची बाहेरची बाजू, पाठ. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना डाग कशाने उठला ते सांगता येत होतं. त्यांत स्मृतिभ्रंश झालेलेही होते. अपघाताने डाग उठलेल्यांना मात्र सहसा ते आठवत नव्हतं. ‘तिचं काही मनावर घेऊ नका, तिला विसरायला होतं’ हे सोबत आलेल्याचं वाक्य कानावर आलं तर हे लक्षात असू द्यावं.

आबाळीच्या खुणा आणखी साध्या असतात. महिन्याभरापूर्वी रोज एक याप्रमाणे 30 गोळ्या दिल्या आणि पाकिटात 22 शिल्लक आहेत, तर गोळ्या देणारं कुणी नाही. उलट झोपेच्या गोळ्या दहा दिवस आधीच संपल्या असतील, तर त्या कुणाच्या सोयीसाठी दिल्या जातायत ते विचारायला हवं. माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर पडलेल्या जखमेची लांबी-रुंदी-खोली मोजावी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, तारीख घालावी. दर दोन तासांनी कूस बदलूनही काही जणांना जखमा होतात. शरीर शेवटाकडे निघालं की कातडी हार मानते, म्हणून प्रत्येक जखमेला आबाळ म्हणणं अन्यायाचं होईल. पण घाण साचलेली, कधीच न दाखवलेली, हाडापर्यंत गेलेली जखम आणि वाढलेली नखं एकत्र दिसली तर वेगळा अर्थ लावायला जागा उरत नाही.

मग प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची सक्ती का नको? कारण प्रश्न विचारल्याने छळ थांबतो याचा पुरावा नाही. अमेरिकेतला प्रतिबंधक आरोग्यसेवांचा सल्लागार गट याबाबत काटेकोर समजला जातो. त्याने 2018 मध्ये प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना जोडीदाराच्या हिंसेबद्दल विचारावं अशी शिफारस केली. त्याच कागदात वृद्धांबाबत मात्र ‘पुरावा अपुरा’ असं लिहिलं. हा फरक दोन वयांच्या दुःखातला नाही. तरुण स्त्री ‘हो’ म्हणाली तर पुढे काय करायचं, त्याचे काही तरी तपासलेले मार्ग होते. म्हातारी ‘हो’ म्हणाली तर पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. वैद्यकीय पुरावे काटेकोरपणे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात वृद्धांचा छळ रोखण्याच्या उपायांवर निकषांत बसणारे अवघे सात अभ्यास सापडले, आणि त्यांतून ठाम निष्कर्ष निघाला नाही.

प्रश्नावलीच्याही मर्यादा आहेत. कॅनडात तयार झालेली सहा प्रश्नांची एक यादी बरीच वापरली जाते. पाच प्रश्न रुग्णाला, सहावा डॉक्टरने स्वतःच्या निरीक्षणावर. दोन मिनिटांचं काम. पण ती तपासली गेली ती ज्यांची बुद्धी शाबूत आहे अशांवर. स्मृतिभ्रंश झालेल्यांना धोका सर्वांत जास्त, आणि नेमके तेच यादीबाहेर. शिवाय प्रश्न एकट्याला विचारावे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सोबतच्या माणसाला बाहेर कसं बसवणार? ‘एक्स-रेच्या वेळी नातेवाइकांना आत येता येत नाही’ अशी नियमाची आड लावून दोन मिनिटं मिळवता येतात. ही शिस्त ज्या दवाखान्यात बसवलेली नाही, तिथे मुलाच्या समोर आईला ‘मुलगा मारतो का?’ विचारलं जातं, तिच्याकडून ‘नाही’ लिहून घेतलं जातं, आणि रकाना भरला जातो. हे न विचारण्यापेक्षा वाईट. आता केसपेपरवर ‘छळ नाही’ अशी नोंद आहे, आणि घरी गेल्यावर काय होईल ते तिलाच माहीत.

अर्धवट हस्तक्षेपाचं उदाहरण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वसाहतींतलं. तिथे चिठ्ठ्या टाकून काही वस्त्यांत जनजागृती केली, आणि ज्या घरांतून छळाची तक्रार आली होती त्यांतल्या काही घरी पोलीस आणि समुपदेशक जाऊन भेटले. 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे दोन्ही उपाय एकत्र पोचले, तिथे नंतरच्या काळात छळ कमी नव्हे, जास्त सांगितला गेला. याचे दोन अर्थ निघतात. माणसं मोकळेपणी बोलू लागली असतील. किंवा पोलीस येऊन गेल्यावर आतला माणूस चवताळला असेल. कुठला अर्थ खरा, ते त्या प्रयोगातून सुटत नाही. पण भेट दिली, समज दिली आणि निघून आलो, या पद्धतीत दुसरी शक्यता खरी ठरली तर किंमत कोण मोजतं?

आता दुसरा समज, अधिक मवाळ आणि म्हणून अधिक पसरलेला : काळजी घेणारा थकतो, वैतागतो, हात उचलतो, तेव्हा त्याला आधार द्या म्हणजे छळ थांबेल. यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या 220 नातेवाइकांना 2009 मध्ये थेट विचारलं गेलं, आणि 52 टक्क्यांनी स्वतःहून कबूल केलं की आपल्याकडून कधी ना कधी छळात मोडणारं वागणं घडतं. बहुतेक ओरडणं, शिव्या, धमकावणं. मारहाण सांगणारे तिघंच होते. रात्री पाच वेळा उठणाऱ्या, तोच प्रश्न चाळीसदा विचारणाऱ्या माणसासोबत वर्षं काढणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून काय साधणार? त्यांना विसावा हवा, हे निर्विवाद.

पण विसावा आणि सल्ला यांत फरक करायला हवा. अशाच नातेवाइकांसाठी आठ बैठकांचा एक समुपदेशन कार्यक्रम ब्रिटनमध्ये तपासला गेला. त्यांचं नैराश्य कमी झालं, ही मोठीच गोष्ट. छळात मोडणारं वागणं मात्र नेहमीच्या सेवेच्या तुलनेत कमी झालं नाही. आठ बैठकांनंतरही रात्री उठणारं माणूस तेच आणि उठवलं जाणारंही तेच. दुसरं असं की प्रत्येक घर थकव्याचं नसतं. समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलमर यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिलं की अनेक घरांत परावलंबी असतो तो छळ करणारा : वृद्धाच्या छपराखाली, वृद्धाच्या पैशांवर जगणारा, व्यसनी किंवा मानसिक आजार असलेला मुलगा. बॉस्टनमधल्या 2,020 वृद्धांच्या 1988 च्या पाहणीत छळ करणाऱ्यांत मुलांपेक्षा नवरा किंवा बायको जास्त निघाली. चाळीस वर्षं मारणारा नवरा सत्तरीत थकव्याने मारत नाही. अशा घरात त्याला ‘काळजीवाहक प्रशिक्षण’ देणं म्हणजे तिच्या छळाला वैद्यकीय नाव देऊन सोडून देणं. धोरणाने ही दोन घरं पहिल्याच आठवड्यात वेगळी ओळखली पाहिजेत. एकात माणूसबळ पाठवायचं असतं, दुसऱ्यातून माणूस बाहेर काढायचा असतो, आणि तो वृद्ध नव्हे.

दोन्हींचे नमुने जगात आहेत. जपानने एप्रिल 2006 पासून लागू केलेल्या कायद्याच्या नावातच छळप्रतिबंधासोबत काळजी घेणाऱ्यांना आधार देण्याचा उल्लेख आहे. वृद्धाला तातडीने हलवायची वेळ आली तर खोली उपलब्ध असेल याची तजवीज स्थानिक पालिकेने करायची. हे शक्य झालं कारण सहा वर्षं आधी, 2000 मध्ये, तिथे दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा सुरू झाला होता. घरी येणारे मदतनीस, दिवसाची केंद्रं, काही दिवसांसाठीचे बिछाने ही यंत्रणा आधी होती, कायदा नंतर आला. स्कॉटलंडचा 2007 चा कायदा दुसऱ्या टोकाचा विचार करतो. चौकशी करणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक, पण संरक्षणाचा आदेश काढायला त्या व्यक्तीची संमती लागते. ती भीतीपोटी किंवा कुणाच्या दबावाखाली नकार देते आहे असं न्यायालयाला पटलं तरच नकार बाजूला ठेवता येतो. तिला हलवण्याचा आदेश जास्तीत जास्त सात दिवसांचा. आणि छळ करणाऱ्याला त्या घरात येण्यास मनाई करणारा आदेश सहा महिन्यांपर्यंतचा. घर तिचं, ती तिथेच राहते.

वृद्धांना ठेवून घेणाऱ्या संस्थांमधली गोष्ट वेगळी आणि अधिक कडू आहे. तिथे काम करणाऱ्यांपैकी 64 टक्क्यांनी वर्षभरात आपल्या हातून छळ झाल्याचं मान्य केलं, असं संस्थांवरचा एक वेगळा जागतिक आढावा सांगतो. अमेरिकेने 1987 मध्ये शुश्रूषागृहांसाठी मोठा सुधारणा कायदा केला. त्याआधी तिथल्या साधारण 40 टक्के रहिवाशांना पट्ट्यांनी खुर्चीला किंवा पलंगाला बांधलं जाई. कायद्यानंतर दोन दशकांत ते प्रमाण 10 टक्क्यांच्या खूप खाली आलं. मोठंच यश. पण माणसं अपुरीच राहिली. अनेक ठिकाणी पट्ट्यांची जागा मनोविकारावरच्या औषधांनी घेतली. स्मृतिभ्रंशात या औषधांनी मृत्यूचा धोका दीडपटीहून अधिक होतो, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला. 2012 पासून त्यांच्या वापराचं प्रमाण मोजून जाहीर होऊ लागलं. मोजणीतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळलेले होते. झालं! उतारवयात क्वचितच नव्याने होणाऱ्या या आजाराची निदानं शुश्रूषागृहांच्या कागदांवर वाढली, इतकी की 2023 मध्ये सरकारला त्या निदानांचीच तपासणी सुरू करावी लागली. मनाई केली, मोजलं, जाहीर केलं. तीनही वेळा छळाने वाट बदलली, कारण मुळात हात अपुरे होते. ऑस्ट्रेलियाने राजकीय इच्छाशक्ती उशिरा दाखवली, पण वृद्धांच्या देखभालीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या 2021 च्या अहवालानंतर नेमक्या जागी बोट ठेवलं. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी 215 मिनिटांची प्रत्यक्ष देखभाल, त्यांतली 44 मिनिटं नोंदणीकृत नर्सची, हे लक्ष्य संस्थांना बंधनकारक आहे. गंभीर घटना 24 तासांत कळवण्याचा नियमही आहे. मला त्या नियमापेक्षा ही मिनिटं मोलाची वाटतात.

पैशांकडे आरोग्यधोरण बघतच नाही. आर्थिक छळ मारहाणीच्या अडीचपटीहून जास्त आढळतो, आणि तो दवाखान्यात दिसतो : औषध परवडत नाही म्हणून अर्धी गोळी घेणारा, चष्मा न बदललेला निवृत्तिवेतनधारक. एवढंच विचारा की वेतन कुठल्या खात्यात येतं, कार्ड कुणाच्या खिशात असतं, मुखत्यारपत्र कधी आणि कुणी करून घेतलं. मुखत्यारपत्राची तारीख स्मृतिभ्रंशाच्या निदानानंतरची असेल, तर समाजसेवकाने त्याच दिवशी वकिलाशी बोलावं.

‘एवढ्या सोयींना पैसा कुठून आणणार?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो हलका नाही. पण पैसा आताही खर्च होतो आहे. घरी पाठवणं सुरक्षित नाही म्हणून बरं झालेलं माणूस आठवडेच्या आठवडे रुग्णालयाच्या खाटेवर पडून राहतं, आणि ती खाट आरोग्यव्यवस्थेतली सर्वांत महाग जागा असते. न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागातल्या एका शुश्रूषागृहाने 2005 मध्ये छळातून सुटलेल्या वृद्धांसाठी निवारा सुरू केला, तो वेगळी इमारत न बांधता. असलेल्या खाटांतल्याच रिकाम्या खाटा, तेच डॉक्टर, तेच स्वयंपाकघर, जोडीला वकील आणि समाजसेवक. अशी सोय प्रत्येक मोठ्या संस्थेत दोन-तीन खाटांनी सुरू करता येते. तेवढी झाली की नर्सच्या तक्त्यात आणखी तीन रकाने घालावेत, आणि तीन महिन्यांनी तिनेच ते भरावेत : ती व्यक्ती आता कुठे राहते आणि स्वतःच्या मर्जीने का, छळ करणारा अजून त्याच छपराखाली आहे का, वेतनाचं कार्ड कुणाकडे आहे. कार्यक्रमाला पुढच्या वर्षीचा पैसा द्यायचा की नाही, ते या तीन रकान्यांवरून ठरवावं. किती जणांना प्रश्न विचारले या आकड्यावरून ते ठरता कामा नये.